पहिलं लाकडी धनुष्य: आकार कसा निवडायचा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या गच्चीवर मी आजवर एकोणीस धनुष्यं तासली. त्यांतली पाच तुटली. हातातली रापी चुकली म्हणून त्यांतलं एकही तुटलं नाही. पाचही कागदावरच तुटलेली होती, कारण मी आकार एका लाकडाचा निवडला आणि कापला दुसऱ्याच लाकडात. पहिलं तर जुन्या वाड्याच्या दाराच्या सागवानी फळीचं होतं. चित्रात पाहिलेलं इंग्रजी धनुष्य, अरुंद, जाड, पोटाकडून गोलाई दिलेलं, तसंच्या तसं त्यात उतरवलं. बावीस इंचांपर्यंत खेचलं आणि मुठीच्या वर एक वीतभर अंतरावर ते फाटलं. म्हणून आकार डोळ्यांना आवडला एवढ्यावर ठरवू नका. तो तुमच्या हातांच्या लांबीवरून आणि मिळालेल्या लाकडावरून काढा. तो कसा काढायचा, ते इथे क्रमाने लिहितो.

आधी चार शब्द

धनुष्य हातात धरल्यावर लक्ष्याकडे असते ती त्याची पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. मधला न वाकणारा भाग म्हणजे मूठ, आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाकणारी दोन पाती. दोरी खेचली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. वाळलेलं लाकूड ताण जितका सोसतं, त्याच्या साधारण निम्माच दाब सोसतं. त्यामुळे चांगल्या सरळ रेघांच्या (म्हणजे लाकडातल्या तंतूंच्या) लाकडात आधी पोट हार मानतं: पातं कायमचं वाकून बसतं, किंवा पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या उमटतात. पाठ फाटते ती बहुधा रेघा तुटलेल्या असल्यामुळे. हे दोन आजार वेगळे आहेत. पहिल्यावर इलाज आकारात असतो, दुसऱ्यावर लाकूड निवडण्यात.

जाडी आणि रुंदी यांचा हिशेब

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पात्याची रुंदी दुप्पट केली तर ते दुप्पट कडक होतं. जाडी दुप्पट केली तर ते आठपट कडक होतं, कारण कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उलट बाजूने पाहिलं, तर जाडी फक्त दहा टक्के कमी केली की कडकपणा सत्तावीस टक्के उतरतो. म्हणूनच शेवटी शेवटी रंध्याचे दोन हात जास्त पडले की पस्तीस पौंडांचं, म्हणजे पूर्ण खेचायला तेवढा जोर लागणारं, धनुष्य पंचवीसवर येतं.

आता दुसरी बाजू. पातं ठरावीक गोलाईत वाकवलं की त्याच्या पाठीला आणि पोटाला किती ताण पडेल हे फक्त जाडीवर ठरतं, रुंदीचा त्याच्याशी संबंध नाही. जाड पट्टी आणि पातळ पट्टी एकाच कढईच्या काठावरून वाकवून पाहा, जाड आधी मोडेल. म्हणजे किती वाकणार हे जाडी ठरवते, आणि तेवढं वाकायला किती जोर लागणार हे रुंदीने जुळवायचं. लाकूड दुबळं असेल तर ते पातळ ठेवा आणि गेलेली ताकद रुंदीतून भरून काढा. लाकूड चिवट आणि घट्ट असेल तर रुंदी कमी केली तरी चालते.

जुन्या धनुष्यांत हेच दिसतं. डेन्मार्कच्या होल्मेगार्डच्या दलदलीत सापडलेलं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं धनुष्य एल्मच्या लाकडाचं आहे, आणि त्याची पाती रुंद, चपटी आहेत. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्रजी जहाजातून शंभरावर अखंड धनुष्यं मिळाली. ती यू या झाडाची आणि अरुंद, जाड आहेत. यूचा आतला तांबूस गाभा दाब उत्तम सोसतो आणि बाहेरचं फिकट लाकूड ताण उत्तम सोसतं, म्हणून तो आकार त्याला शोभतो. सागवानाकडे तो गुण नव्हता, आणि मी त्याच्याकडून त्याचीच अपेक्षा केली होती.

पहिली पायरी: खेच मोजा, मग लांबी काढा

खेच म्हणजे दोरी पूर्ण ओढल्यावर मुठीपासून दोरीपर्यंतचं अंतर. भिंतीला पाठ लावून दोन्ही हात आडवे पसरा. एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा आणि त्याला अडीचने भागा. पासष्ट इंच आले तर खेच सव्वीस इंच. मुलांचं माप दर वर्षी नव्याने घ्या.

लांबीसाठी माझा हिशेब असा: खेचेची दुप्पट, त्यात न वाकणारा मधला भाग, आणि वर चार इंच पदरचे. मूठ चार इंच आणि तिच्या दोन्ही बाजूंचे उतार तीन-तीन इंच धरले तर मधला भाग दहा इंचांचा होतो. सव्वीस इंचांच्या खेचेला ५२ + १० + ४ = ६६ इंच. अठ्ठावीसच्या खेचेला ७०. अग्निपुराणातल्या धनुर्वेदाच्या भागात चार हातांचं धनुष्य श्रेष्ठ, साडेतीन हातांचं मध्यम आणि तीन हातांचं कनिष्ठ म्हटलं आहे. हात दीड फुटाचा धरला तर ७२, ६३ आणि ५४ इंच होतात. नुसत्या लाकडाच्या धनुष्यासाठी लांबी हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. आखूड धनुष्य जरा चपळ असतं, पण पहिल्या खेपेला त्या चपळाईची गरज नसते.

जोर तीस ते पस्तीस पौंडांचा धरा, म्हणजे चौदा ते सोळा किलो. व्यायामशाळेत जाणारे तरुण मला पन्नास सांगतात. पन्नास पौंडांच्या धनुष्यावर नेम शिकता येत नाही, खांदा मात्र दुखावतो.

दुसरी पायरी: इंदुरात काय मिळतं

लाठी बांबू. मध्य प्रदेशाच्या जंगलांतला हा मुख्य बांबू. भिंत जाड, कधीकधी जवळजवळ भरीव. झाबुआ-अलिराजपूरकडच्या भिल्लांचं धनुष्य याच जातीच्या बांबूचं असतं, आणि त्याची दोरीसुद्धा परंपरेने बांबूच्याच सालीची पट्टी असते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड आणि शिंग अशी धनुष्याची चार द्रव्यं दिली आहेत, आणि दोरीच्या द्रव्यांत मूर्वा, रुई, ताग यांच्यासोबत वेणू, म्हणजे बांबू, मोजला आहे. आपल्या शेजारच्या डोंगरांत ती रीत टिकली, याचा मला फार आनंद वाटतो. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाला गेलात तर एखाद्या म्हाताऱ्या दादांना विनंती करून त्यांचा तीरकमठा नीट बघा. पोटाकडून बांबू किती तासला आहे आणि पाठीची साल कशी अखंड ठेवली आहे, तेवढं पाहिलं तरी अर्धा धडा होतो.

धामण. संस्कृतात याला धन्वन आणि धनुर्वृक्ष म्हणतात. नावातच काम सांगितलेलं आहे. चिवट, लवचीक, कुऱ्हाडीच्या दांड्याला आणि कावडीला वापरलं जाणारं लाकूड. मिळालं तर दुसरं काही बघू नका. मात्र ते शोधावं लागतं.

धावडा. जड आणि दणकट, दांड्यांसाठी वापरतात. सरळ रेघांचा तुकडा मिळाला तर उत्तम, पण तासताना हात भरून येतात.

अ‍ॅश. फर्निचरसाठी परदेशातून येणारी फळी. रेघा सरळ आणि स्पष्ट दिसतात, म्हणून नवशिक्याला निवडायला सोपी. मी शिकवताना हीच घेतो.

तुती. जुन्या बंगल्यांच्या आवारात असते. वादळात पडलेली किंवा परवानगीने छाटलेली चार-पाच इंच जाडीची सरळ फांदी मिळाली, तर उभी चिरून, टोकांना फेविकॉल फासून सावलीत वाळवा. फांदीच्या धनुष्यात पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहिलं पाहिजे. पहिल्या धनुष्याला हा मार्ग लांबचा आहे.

सागवान आणि शिसम. सागवानात ठिसूळपणा असतो. शिसमाच्या रेघा एकमेकींत गुंतलेल्या असतात, म्हणून त्याची पाती करू नका, पण मुठीवर चिकटवायला त्याचा ठोकळा सुंदर दिसतो.

लाकूड बिल घेऊन वखारीतून आणा. जंगलातून स्वतः तोडून आणणं गुन्हा आहे, आणि धनुष्य तयार झाल्यावर शिकारीचा विचार मनातही आणू नका. १९७२ चा वन्यजीव कायदा त्याबाबत स्पष्ट आहे.

वखारीत फळी कशी निवडाल? ओल्या फडक्याने पुसा, रेघा उठून दिसतात. आधी रुंद बाजूची एक रेघ पेन्सिलीने धरून टोकापर्यंत चालवा, मग कडेच्या बाजूने तसंच करा. सहा फुटांत ती रेघ कडेबाहेर निसटली नाही तर फळी घ्या. फूटभरातच निसटत असेल तर ठेवून द्या, मिस्त्रीने कितीही हमी दिली तरी. गाठ, तडा, किड्याचं भोक असलेली फळी नको. मी एकदा चाळीस फळ्या उलटून एक घेतली आहे. वखारवाले वैतागतात, म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी असताना जा.

तिसरी पायरी: पट्टीची परीक्षा

आकार ठरवण्याआधी लाकडालाच विचारा. त्याच फळीतून ६० सेंटिमीटर लांब, २० मिलिमीटर रुंद आणि बरोबर ६ मिलिमीटर जाड पट्टी काढा. प्लायवूडवर ३८ सेंटिमीटर त्रिज्येचा कंस काढून करवतीने कापा. पट्टी त्यावर सावकाश वाकवून मिनिटभर दाबून धरा, मग सोडा. पाव तासाने ती सरळ मोजपट्टीवर ठेवून मध्ये किती फट पडते ते मोजा.

हा आकडा कुठून आला? ६६ इंचांचं धनुष्य सव्वीस इंच खेचलं की त्याची पाती साधारण ७६ सेंटिमीटर त्रिज्येत वाकतात, आणि तयार पात्याची जाडी अंदाजे १२ मिलिमीटर असते. जाडी निम्मी केली आणि त्रिज्याही निम्मी केली की लाकडावरचा ताण तोच राहतो. म्हणजे ही छोटी पट्टी तुमच्या होणाऱ्या धनुष्याइतकाच त्रास सोसते.

फट एक सेंटिमीटरच्या आत असेल तर लाकूड निर्धास्त वापरा. दीडच्या पुढे गेली तर पातं जास्त पातळ आणि रुंद करा, किंवा धनुष्य दोन-चार इंच लांब घ्या. पट्टी मोडली, तर ती फळी दुसऱ्या कामाला लावा. एक तासाचं काम आहे हे. मला कळलं असतं तर त्या पाचांपैकी निदान तीन धनुष्यं मी वेगळी केली असती.

चौथी पायरी: आता आकार

फळीतून पहिलं धनुष्य करणाऱ्याला मी एकच आकार सुचवतो: पिरॅमिड. मुठीजवळ दोन इंच रुंद आणि तिथून टोकापर्यंत सरळ रेषेत निमुळता होत जाणारा. त्याची गंमत अशी, की जाडी टोकापर्यंत जवळजवळ सारखीच राहते. रुंदी घटते त्याच प्रमाणात टोकाकडे जोरही कमी पडतो, म्हणून पातं आपोआप वर्तुळाच्या तुकड्यासारखं वाकतं. तासताना डोळ्याला एकच प्रश्न उरतो: हा कंस एकसारखा गोल आहे का? नवशिक्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

दुसरा आकार समांतर पाती. अर्ध्या पात्यापर्यंत रुंदी सारखी, पुढे निमुळती. यात जाडी टोकाकडे हळूहळू कमी करावी लागते आणि वाक लंबवर्तुळासारखा, मुठीकडे ताठ आणि बाहेर जास्त, हवा असतो. लाकूड दुबळं असेल तर हा आकार बरा, कारण जास्त लाकूड काम करतं. पण तासताना दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या असतात. तिसऱ्या-चौथ्या धनुष्याला घ्या.

इंग्रजी पद्धतीचं अरुंद धनुष्य धामण किंवा धावडा हाती असेल आणि पट्टी परीक्षेत चांगली उतरली असेल तरच. टोकं पुढे वळवलेलं धनुष्य दिसायला देखणं, पण वाफेवर वाकवलेलं लाकूड जरा तिरकं बसलं की दोरी घसरते आणि पातं पिळवटतं. शिंग, लाकूड आणि स्नायू यांचं जुनं भारतीय संयुक्त धनुष्य ही तर स्वतंत्र विद्या आहे.

बांबू हाती असेल तर वेगळा विचार. बांबूचे दाट तंतू सालीच्या बाजूला असतात, आतलं अंग भुसभुशीत. म्हणून साल पाठीला, तासणं फक्त आतून. सालीला हात लावायचा नाही, पेरं फक्त काचकागदाने हलकी घासायची. पेरी मुठीच्या दोन्ही बाजूंना शक्यतो सारख्या अंतरावर येतील असा मध्य निवडा. बुडाकडची बाजू शेंड्यापेक्षा जाड असते, तेव्हा तिथून जास्त तासावं लागेल, हे आधीच लक्षात ठेवा. रुंदी दीड इंच, लांबी ६६ ते ६८. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडलेला घ्या, त्यात साखर कमी असते आणि भुंगा कमी लागतो. भारतात स्पर्धांच्या ‘इंडियन राउंड’ प्रकारात बांबूचीच धनुष्यं चालतात, म्हणजे ही वाट केवळ हौसेची नाही.

पाचवी पायरी: फळीवर आखणी

आपले सुतार इंच आणि सूत बोलतात, मीही तेच बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच.

फळी ६६ इंच लांब, सव्वादोन इंच रुंद, सहा सूत जाड. मधोमध उभी रेषा दोऱ्याने पाडा, पट्टीने नको, सहा फुटांत पट्टी फसवते. मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन इंच ही मूठ, रुंदी नऊ सूत. पुढचे तीन इंच उतार, तिथे रुंदी हळूहळू दोन इंचांवर आणा. तिथून टोकापर्यंत सरळ रेषा, टोकाला सध्या सहा सूत. दोरी मुठीच्या मध्यावरून जाते आहे याची खात्री झाल्यावरच टोक चार सुतांवर आणा. आधीच बारीक केलंत तर दोरी एका बाजूला गेल्यावर सुधारायला लाकूडच उरत नाही.

जाडीची रेघ खतावणीने, म्हणजे कडेला समांतर रेघ मारायच्या हत्याराने, मारा, इंदूरचे मिस्त्री तिला खतकश म्हणतात. सुरुवातीला पाच सूत. मुठीवर पोटाच्या बाजूने दहा इंचांचा ठोकळा चिकटवा, दोन्हीकडे उतार देऊन, आणि शिकंज्यात रात्रभर ठेवा. फेविकॉल चालतं, पण दोन्ही पृष्ठभाग रंधा मारून अगदी सपाट हवेत. उताराचं शेवटचं टोक वाकू लागलं की ठोकळा सुटतो, म्हणून तिथे पातं ताठच ठेवायचं.

पाठीच्या दोन्ही कडा कानशीने गोल करा. धारदार कडेवरूनच फाटायला सुरुवात होते.

दोरी अडकवायची खोबण टोकापासून पाऊण इंचावर, गोल कानशीने, पाठीवर न कापता फक्त दोन्ही कडांना. दोरी डेक्रॉन या पॉलिस्टर धाग्याची, दहा-बारा पदरांची. न ताणणारे नवे धागे बारीक लाकडी टोकांना झेपत नाहीत.

वाकवून बघताना

एका फळीवर खाचा पाडून धनुष्य अडकवा, खाली कप्पी लावा, दूर उभे राहून दोरी खेचा आणि मोबाईलवर फोटो घ्या. डोळ्याला न दिसलेलं फोटोत दिसतं. पातं जिथे ताठ आहे तिथूनच तासा, जिथे जास्त वाकतं तिथे हात लावू नका. सामान तोलायचा हुकाचा काटा मध्ये लावून जोर मोजत राहा, आणि पस्तीस पौंड आले की त्या वेळी त्यापुढे खेचायचं नाही, मग खेच वीस इंचच झाली असली तरी. तासा, पुन्हा खेचा. दर वेळी तासल्यावर तीस वेळा हळू खेचून सोडा, म्हणजे लाकडाला नवा वाक कळतो. यात घाई केली की पोट बसतं आणि ते परत येत नाही.

रिकामी दोरी खेचून कधीही सोडू नका. बाणाविना सुटलेला सगळा जोर पात्यांतच जातो.

माळव्याचं हवामान

हे मात्र बाहेरच्या माहितीत सापडणार नाही. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की गच्चीवर राहिलेलं लाकूड ठिसूळ होतं, आणि जुलै-ऑगस्टात तेच लाकूड दमट होऊन मऊ पडतं. मी एक चांगलं अ‍ॅशचं धनुष्य जूनमध्ये पूर्ण केलं आणि पावसाळाभर दोरी चढवून चालवलं. दिवाळीपर्यंत ते दोन इंच वाकून बसलं होतं. लाकडातला ओलावा आठ ते दहा टक्के हवा. मोजायला यंत्र लागत नाही: फळी आठवड्याला एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, सलग तीन आठवडे वजन उतरलं नाही की ती तयार. तासायचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी करा. मेमध्ये काम अर्धवट असेल तर ते घराच्या आत, कूलरपासून लांब ठेवा. पूर्ण झाल्यावर जवसाच्या तेलाचे चार-पाच हात द्या किंवा पॉलिश मारा, आणि पावसाळ्यात जोर थोडा उतरला तर पोट तासायला बसू नका, ऑक्टोबरात तो बराचसा परत येतो.

वापर झाला की दोरी उतरवा. भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं ठेवा, एका टोकावर उभं टेकवून ठेवू नका.